धानाचा ढीग आणि बहुचल कलन

दिवाळी सरली की तुमसर तालुक्यातील बपेरा परिसरात धानाची मळणी वेग घेते. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेकडील हा भाग. येथील अर्थकारण धानाभोवती फिरते. या दिवसांत व्यापारी घरातील प्रत्येक हात कामाला लागतो. कोणी काट्यावर, कोणी वहीवर, कोणी पोती मोजायला. याच दिवसांत विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा असतात, आणि बी.एस्सी. गणित शिकणाऱ्या मुलापुढे किंवा मुलीपुढे दुकान व पुस्तक यांत निवड करण्याची वेळ येते. घरातील ज्येष्ठांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘या बहुचल कलनाचा आपल्या धंद्यात उपयोग काय?’

प्रश्न रास्त आहे. व्यापारी कुटुंबाने उपयोग विचारणे यात गैर काहीच नाही. मात्र प्रामाणिकपणे शोधल्यास त्याचे उत्तर दुकानाच्या ओट्यावरच सापडते.

विषय आहे तरी काय?

बारावीच्या गणितात विद्यार्थी कलन शिकतो, परंतु तेथे एकच राशी बदलत असते. वेळ बदलला की अंतर बदलते, इतकेच. प्रत्यक्ष व्यवहारात एका वेळी अनेक गोष्टी बदलतात आणि परिणाम त्या सर्वांवर अवलंबून असतो. अशा अनेक राशींच्या एकत्रित बदलाचे शास्त्र म्हणजे बहुचल कलन. भंडारा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, ते १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, आजचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, तेथील पदवीच्या गणितात हा विषय आहे. सीमा व सातत्य, आंशिक अवकलज, महत्तम-लघुत्तम मूल्ये, लाग्रांज यांची गुणक पद्धती, द्विसमाकल व त्रिसमाकल, अशी त्याची सर्वसाधारण चढण असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. एका व्यापाऱ्याकडे १०० क्विंटल धान आहे आणि भाव क्विंटलला २,३०० रुपये आहे. आज विकावे, की भाव वाढेपर्यंत थांबावे? थांबल्यास भाव ५० रुपयांनी वाढेल असे गृहीत धरू. मात्र तोवर धान सुकून वजनात ३ क्विंटल घट येईल. केवळ भावाकडे पाहणारा म्हणेल, ‘१०० क्विंटलवर ५० रुपये, म्हणजे ५,००० रुपयांचा लाभ.’ केवळ वजनाकडे पाहणारा म्हणेल, ‘३ क्विंटल गेले, ६,९०० रुपयांची हानी.’ हे दोन्ही आकडे म्हणजे आंशिक अवकलजांवर आधारलेले हिशेब : एक राशी स्थिर धरून दुसरीच्या बदलाचा परिणाम मोजणे. दोहोंची बेरीज केली की १,९०० रुपयांचा तोटा दिसतो. प्रत्यक्षात ९७ क्विंटल २,३५० रुपयांनी विकल्यास २,२७,९५० रुपये मिळतात, म्हणजे तोटा २,०५० रुपयांचा. दोन उत्तरांतील १५० रुपयांचा फरक हा दोन्ही बदलांचा गुणाकार आहे : ५० रुपये गुणिले ३ क्विंटल. बदल लहान असतील तर हा गुणाकार नगण्य ठरतो. मोठे असतील तर तो दुर्लक्षून चालत नाही. कोठे काय सोडता येते आणि कोठे नाही, हा विवेक या विषयाचा पाया आहे.

जैन घरांत ‘नय’ हा शब्द परिचित आहे. वस्तू एका अंगाने पाहणे म्हणजे नय. तो खोटा नसतो, परंतु पूर्णही नसतो. आंशिक अवकलजाचे तसेच आहे.

सर्व वाटांनी पाहण्याची सक्ती

अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो सीमेच्या प्रकरणात. एका रेषेवर एखाद्या बिंदूकडे जाण्याच्या वाटा दोनच, डावीकडून आणि उजवीकडून. पृष्ठभागावर मात्र त्या अगणित असतात. क्ष²य ÷ (क्ष⁴ + य²) ही राशी घ्यावी. शून्य बिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेने गेले तरी तिचे मूल्य शून्याजवळ येते. विद्यार्थी निश्चिंत होऊन ‘सीमा शून्य’ असे लिहितो आणि चुकतो. कारण य = क्ष² या वक्ररेषेने गेल्यास मूल्य सतत अर्धा राहते. सर्व सरळ वाटांनी एकच साक्ष दिली तरी एका वाकड्या वाटेने तो निष्कर्ष मोडतो. हिशेब तपासणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे : दहा नोंदी जुळल्या म्हणून अकरावी जुळेलच असे नाही.

भांडवल कोठे किती?

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोलाचे प्रकरण म्हणजे अठराव्या शतकातील गणिती जोसेफ लुई लाग्रांज यांची गुणक पद्धती. मर्यादा असताना सर्वोत्तम निवड कशी करावी, हे ती सांगते.

समजा, एका कुटुंबाकडे तीन महिन्यांच्या हंगामासाठी स्वतःचे २५ लाख रुपये आहेत आणि ते धान व किराणा यांत गुंतवायचे आहेत. दोन्हींत रक्कम वाढली की नफा वाढतो, परंतु वाढीचा वेग मंदावत जातो. पहिल्या लाखाइतकी कमाई दहावा लाख करत नाही. समजुतीसाठी असे धरू की धानातील नफा, हजार रुपयांत, गुंतवलेल्या लाखांच्या वर्गमुळाच्या १६ पट आणि किराण्यातील १२ पट आहे. लाग्रांज यांच्या पद्धतीने उत्तर येते : १६ लाख धानात, ९ लाख किराण्यात. नफा अनुक्रमे ६४ हजार व ३६ हजार, एकूण एक लाख. याहून वेगळी कोणतीही वाटणी केली तर नफा घटतो. या वाटणीचे लक्षण असे की शेवटचा रुपया दोन्ही धंद्यांत सारखीच कमाई करतो.

खरी शिकवण यापुढे आहे. पद्धतीत येणाऱ्या ‘गुणका’चे मूल्य येथे २ येते. त्याचा अर्थ, भांडवल आणखी एका लाखाने वाढवले तर नफा सुमारे दोन हजारांनी वाढेल. आता दुकानदार बँकेकडे कर्जमर्यादा वाढवून मागतो. त्याचा युक्तिवाद असा असतो : ‘२५ लाखांवर एक लाख, म्हणजे चार टक्के मिळवतो. वार्षिक दहा टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज अडीच टक्के. दीड टक्का हातात राहतो.’ हा युक्तिवाद सरासरीवर उभा आहे. कर्जाऊ आलेला नवा लाख मात्र चार हजार नव्हे, दोन हजारच मिळवून देणार आहे आणि त्यावर व्याज अडीच हजारांचे आहे. दर लाखामागे पाचशेचा तोटा आणि डोक्यावर कर्ज. सरासरी नफ्याकडे पाहून वाढवलेल्या कर्जाने चांगल्या चालत्या पेढ्याही अडचणीत येतात. गणित कच्चे म्हणून नव्हे, तर चुकीचा आकडा पाहिल्यामुळे.

प्रत्यक्ष धंद्यातील सूत्रे इतकी सुबक नसतात, हे खरे. परंतु ‘सरासरी किती?’ याऐवजी ‘पुढचा रुपया किती मिळवील?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला कोणत्याही सूत्राविना त्याचा लाभ होतो.

ढीग, तलाव आणि निश्चयक

अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध समाकलनाचा. उघड्यावर शंकूच्या आकारात पसरलेला धानाचा ढीग किती घनमीटरांचा आहे? पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांत, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, पाणी किती मावते? ठिकठिकाणची खोली भिन्न असताना सर्व तुकड्यांची बेरीज करणे म्हणजे द्विसमाकल. ढीग गोल असेल तर केंद्रापासूनचे अंतर आणि कोन यांनी मोजणे सोपे जाते. परंतु केंद्रापासून दूरची वर्तुळे मोठी असतात, हे त्या बेरजेत धरावे लागते. सहा मीटर त्रिज्येच्या व दोन मीटर उंचीच्या शंकूचे घनफळ सुमारे ७५ घनमीटर येते. ती दुरुस्ती विसरणाऱ्याचे उत्तर ३८ च्या आत येते, म्हणजे निम्मा माल वहीतून नाहीसा!

या दुरुस्तीचे नाव जाकोबी निश्चयक. दहावीत क्रेमरच्या पद्धतीसाठी जो निश्चयक मुले शिकतात, तोच येथे नव्या रूपात भेटतो. आणि येथूनच एका मराठी गणितज्ञाची वाट सुरू होते. १९३० मध्ये उज्जैन येथे जन्मलेले श्रीराम शंकर अभ्यंकर यांनी मुंबईत पदवी घेतली, १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. जाकोबी निश्चयकाविषयी केलर यांनी १९३९ मध्ये मांडलेला एक प्रश्न त्यांनी जगभरातील गणितज्ञांपुढे पुन्हा आणला. पदवीच्या विद्यार्थ्याला समजेल असे ते विधान आहे. तरीही त्याच्या अनेक ‘सिद्धता’ पुढे सदोष ठरल्या. १९७६ मध्ये अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडलेली पद्धती तर थेट व्यवहाराची : हजारो चलांच्या नियोजनात सर्वोत्तम उत्तर जलद शोधण्याची.

गणिताचे वाकडे जैन परंपरेला कधीच नव्हते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने तो हिंदी भाषांतरासह प्रकाशित केला. कलन त्यात नाही. परंतु व्याज आणि मिश्रणाचे हिशेब शास्त्र म्हणून अभ्यासावेत ही दृष्टी त्यात निश्चित आहे.

घराने काय करावे?

हा अभ्यासक्रम सोपा नाही. बारावीचे अवकलन-समाकलन पक्के नसेल तर पहिल्या महिन्यातच पाय घसरतो. पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने प्रत्येक संज्ञेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून ठेवावा. आकृती काढल्याविना द्विसमाकल सोडवू नये. गावात मार्गदर्शक नसला तरी आयआयटी संस्था व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या एनपीटीईएल उपक्रमातील आणि शासनाच्या ‘स्वयम’ संकेतस्थळावरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यासच परीक्षाशुल्क भरावे लागते.

मात्र व्याख्यानांपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे वेळेची. हंगामात मुलाला काट्यावर बसवून वाचणारी मजुरी आणि अनुत्तीर्ण झालेल्या सत्राची किंमत, हा हिशेब कुटुंबाने एकदा मांडून पाहावा. परीक्षेचे तीन आठवडे दुकानाने एक माणूस रोजंदारीने लावला तर खर्च ठरावीक आहे; वाया गेलेल्या वर्षाला मात्र ठरावीक आकडा नाही. मुलीच्या बाबतीत हिशेब वेगळा असण्याचे कारण नाही.

धानाच्या ढिगासमोर उभे राहून ‘थांबावे की विकावे’ हे आजोबा अनुभवाने ठरवत आले. नातवंड तेच कागदावर मांडायला शिकत असेल, तर एखाद्या सायंकाळी दुकान मिटताना त्या दोघांनी एकाच ढिगाचा हिशेब आपापल्या पद्धतीने करून पाहावा. उत्तरे जुळली तर दोघांनाही समाधान मिळेल. न जुळल्यास शेजारी बसून चूक शोधता येईल. पुढचा माल भरण्यापूर्वी ती सापडलेली बरी.