वाटेवरचे जेवण: खान्देशची शिदोरी आणि तिची भांडी

खान्देशात पायी निघणाऱ्याच्या शिदोरीत ताट, वाटी आणि चमचा कधी नसत. एक फडके, एक तांब्या आणि त्या फडक्यात बांधलेली भाकरी एवढ्यावर दोन दिवसांची वाट निभावत असे. ओझे डोक्यावर किंवा खांद्यावर न्यायचे, त्यामुळे प्रत्येक भांड्याला आपल्या वजनाचा जाब द्यावा लागे. बहुतेकांना तो देता येत नसे, म्हणून ती घरीच राहत.

या प्रदेशाला चालण्याची सवय जुनी. 17व्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा माल नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशा तापीखोऱ्यातल्या वाटेने जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने गेला. पारोळा हे या वाटेच्या दक्षिणेकडचे, भुईकोट किल्ल्याचे गाव. किल्ला 1727मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधल्याचे सांगतात. जळगाव-एरंडोलकडून धुळ्याला जाणारा रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग 53, पारोळ्यातूनच जातो. तिथून धुळे सुमारे 35 किलोमीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्याला एक मुक्काम धरून दोन दिवसांची वाट. चैत्रात खान्देशातले भाविक सप्तशृंगी गडाला पायी निघतात. आषाढीसाठी मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी महिनाभर चालून पंढरपूरला पोचते, आणि अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या संस्थानाचीही पायी वारी आहे. शेतकरी, गुराखी, तांड्याबरोबर फिरणारे लमाण यांचे चालणे तर रोजचेच होते.

या सगळ्यांच्या फडक्यात मुख्य वस्तू भाकरी, आणि तीही शक्यतो ज्वारीची. खान्देशच्या काळ्या जमिनीत रब्बीला होणारी दादर ही ज्वारी त्यासाठी नावाजलेली. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे तिचे पीठ दळल्यावर काही दिवसांतच कडू पडते; ज्वारीचे त्या मानाने टिकते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ कढत पाण्यात मळतात. त्या उष्णतेने पिठातले स्टार्च फुगून चिकट होते आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. कळण्याच्या भाकरीत हेच काम उडीद करतो. ज्वारीत साधारण चौथा हिस्सा सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून दळले की कळणा तयार होतो. उडदाच्या बुळबुळीतपणामुळे ही भाकरी वळते, गुंडाळता येते आणि गार झाल्यावरही तडकत नाही. मीठ पिठातच असल्याने वेगळी पुडी बांधावी लागत नाही. ज्वारीत लायसिन हे प्रथिनातले द्रव्य कमी पडते, ते उडदात भरपूर असते. दळणाचे हे प्रमाण ठरवणाऱ्या बायकांना लायसिन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कळणा खाल्लेला माणूस उशिरापर्यंत भुकेजत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

तव्यावरून काढून आरावर फुगवलेल्या भाकरीचे दोन पदर सुटतात. बांधावर बसून जेवणारा वरचा पापुद्रा अलगद उचलतो. खालचा जाड पदर डाव्या तळहातावर ताटासारखा राहतो; त्यावर ठेचा, तेलाची धार किंवा शेंगदाण्याची चटणी. वरचा पापुद्रा तुकड्यातुकड्याने मोडून त्याने ठेचा उचलायचा. तो संपला की ताटाचा नंबर. शेवटी घासायला काही उरत नाही, आणि जिथे हंडाभर पाणी खोल विहिरीतून ओढायचे तिथे ही सोय लहान नव्हे. कांदा चिरायला सुरी लागत नाही. दगडावर ठेवून बुक्की मारली की तो फुटतो आणि मधला कोंब वेगळा होतो.

ठेच्यालाही खलबत्ता हवाच असे नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून, मीठ घालून, तिथेच तांब्याच्या बुडाने रगडतात. भाजल्याने मिरचीतले पाणी उडते, मीठ आणि तेल उरलेले काम करतात. त्यामुळे रसभाजीपेक्षा ठेचा कितीतरी जास्त टिकतो आणि फडक्यातून गळत नाही.

ब्राह्मणी घरांत प्रवासाला दशमी चाले. तिचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. दुधामुळे ती मऊ राहते हे खरे, पण कारण तेवढेच नव्हते. पाण्यात शिजवलेले अन्न सोवळ्याच्या नियमांत लवकर बाटे. दुधातुपातले तितके नाही, म्हणून ते वाटेवर बरोबर नेता येई. त्याहून हलकी सोय सातूच्या पिठाची. गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून, जिरे-सुंठ घालून दळलेले हे पीठ आधीच भाजलेले असल्याने चूल लागत नाही. गूळ विरघळवलेल्या पाण्यात किंवा दुधात कालवले की जेवण झाले. बरोबर गूळ-शेंगदाणे आणि फुटाणे असले की उपाशी राहण्याचा प्रश्नच नाही: 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात. पहिल्या बाजीरावाने घोड्यावर बसल्या बसल्या कणीस हातावर मळून दाणे खाल्ल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, कोवळ्या कणसाचे दाणे हातावर चोळून निघतात हे हुरडा खाल्लेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

खऱ्या अर्थाने अनेक कामांचे भांडे म्हणावे असे शिदोरीत एकच, तांब्या. त्याच्या आखूड गळ्याला दोरीचा फास बसतो आणि काठामुळे निसटत नाही, म्हणून तो विहिरीत सोडता येतो. पोट रुंद असल्याने तो पाण्यावर कलंडून आपोआप भरतो. गळा अरुंद असल्याने चालताना हिंदकळत नाही. त्यातच पाणी तापते, डाळ शिजते, सातू कालवले जाते, सकाळी तोंड धुतले जाते. तोंडावर उपडे घातलेले फुलपात्र झाकणही होते आणि पेलाही. पुढे रेल्वेच्या प्रवासात फिरकीचा तांब्या आला. त्याचे पितळी झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने 1958मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याच्या घडणीची मनापासून तारीफ केली. त्या अहवालातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. एक दोष मात्र सांगायला हवा. पितळेला कल्हई नसेल तर ताक किंवा चिंचेचे पाणी त्यात कळकते, त्यामुळे ताकासाठी मातीचे मडके किंवा वाळवून कोरलेला भोपळा लागे.

प्रत्येकाचा तांब्या वेगळा असण्यामागे केवळ स्वच्छता नव्हती. कोणी कोणाच्या भांड्याला तोंड लावायचे, कोणी कोणत्या विहिरीत दोर सोडायचा, हे जात ठरवत असे. दलितांना तर हातात तांब्या असूनही काठावर थांबून कोणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे. महाडच्या चवदार तळ्याचा 1927चा सत्याग्रह याच पाण्यासाठी होता. शिदोरीच्या साधेपणाचे कौतुक करताना ही बाजू सहसा वगळली जाते.

सातपुड्याच्या बाजूला, चोपडा-यावल-शिरपूरकडे, ताटाचा प्रश्न पळस सोडवतो. त्याची रुंद, चिवट पाने बांबूच्या बारीक चोयांनी टाचली की पत्रावळ होते, खोलगट वळवली की द्रोण. वाळलेल्या पत्रावळींचा गठ्ठा महिनोन्महिने राहतो. जेवणाआधी पाणी शिंपडले की पाने पुन्हा मऊ पडतात. तापीकाठी हे काम केळीचे पान करते. हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत पार्टीत वांगी काटक्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर केळीच्या पानावर वाढायची, अशी रीत आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात बडगीचा उल्लेख असो-नसो, मिक्सरमधल्या भरिताला ती चव येत नाही.

पश्चिमेत हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवला गेला. तिथे अन्न बदलण्याऐवजी हत्यारे एकत्र केली. 1874मध्ये सॅम्युअल फ्रान्सिस यांनी चमचा, काटा आणि सुरी एकातच असलेल्या साधनाचे अमेरिकेत पेटंट घेतले. 1891पासून कार्ल एल्सनर स्विस सैन्याला घडीचा चाकू पुरवू लागले. त्यात पाते, टोच्या, डबा उघडण्याचे हत्यार आणि पेचकस होता, कारण सैनिकाचे जेवण डबाबंद होते आणि बंदूकही खोलावी लागे. आज सह्याद्रीत जाणारे ट्रेकर काटा-चमचा एकत्र असलेले स्पोर्क घेऊन निघतात. पाण्यात उकळायच्या नूडल्ससाठी ते सोयीचे आहे. भाकरी-ठेच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पदयात्रेचे चित्र आता बदलले आहे. वाटेवर जागोजागी फराळाचे आणि जेवणाचे मंडप लागतात, शिदोरी कमी झाली आणि मागे उरणारा कचरा वाढला. महाराष्ट्राने 2018मध्ये आणि केंद्राने 1 जुलै 2022पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर बंदी घातली. त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी आतून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्यांनी घेतली, आणि त्या काही पळसाच्या पानासारख्या कुजत नाहीत.

पारोळ्याहून धुळ्याकडे पायी निघणाऱ्याला आजही कळण्याच्या चार भाकरी, लिंबाएवढा ठेचा, दोन कांदे, दोन मुठी गूळ-शेंगदाणे आणि एक तांब्या पुरतो. भाकरी गार झाल्याशिवाय फडक्यात बांधू नये, वाफेने ती लवकर बुरसते. आणि भाताचा डबा नेऊ नये; चैत्राच्या उन्हात तो दुपारपर्यंत आंबतो.