लयीचा धाक

'व्हिपलॅश' हा डेमियन शझेल यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला अमेरिकी चित्रपट २०१४ चा. न्यूयॉर्कमधल्या शॅफर या काल्पनिक संगीतविद्यालयात जॅझ ड्रमवादन शिकणारा ॲण्ड्र्यू नीमन (माइल्स टेलर) टेरेन्स फ्लेचर (जे. के. सिमन्स) या शिक्षकाच्या वाद्यवृंदात निवडला जातो. शझेल स्वतः शाळेच्या जॅझ वाद्यवृंदात ड्रम वाजवत. तिथे अनुभवलेल्या धाकातून ही कथा सुचली.

चित्रपटाला नाव देणारी रचना हँक लेव्ही यांची आहे. जॅझमध्ये सवयीचं आवर्तन चार मात्रांचं. इथे ते सात मात्रांचं आहे. पहिल्या तालमीत ॲण्ड्र्यू ती वाजवू लागतो आणि फ्लेचरची मूठ हवेत वळते. वादन थांबतं. चूक मृदू आवाजात सांगितली जाते. पुन्हा दोन-चार मात्रा, पुन्हा मूठ. कधी लय पुढे पळाली, कधी मागे रेंगाळली. मग अचानक खुर्ची भिरकावली जाते. त्यानंतर फ्लेचर ॲण्ड्र्यूला मात्रा मोजायला लावतो, मोजणीबरोबर चपराक मारतो आणि विचारतो, ही घाईची होती की उशिराची?

कसोटीची दुसरी रचना 'कॅरव्हॅन'. हुआन टिझोल आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या या रचनेसाठी दुप्पट लयीतला स्विंग लागतो. उजव्या हातातली काठी झांजेवर अखंड चालते, डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅटच्या झांजा मिटतो. फ्लेचर तीन ड्रमवादकांना आळीपाळीनं बसवून रात्र उलटेपर्यंत हीच लय मागत राहतो. ॲण्ड्र्यूच्या हाताला फोड येतात, ते फुटतात. रक्ताळलेला हात तो बर्फाच्या पाण्यात बुडवतो.

वादनाच्या दृष्टीनं इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. द्रुत लय जोरानं साधत नाही. काठी झांजेवर पडून आपोआप उसळते. ती उसळी बोटांनी झेलायची आणि मनगट सैल ठेवायचं. पकड आवळली की हात ताठरतो, फोड येतात आणि लय पडते. म्हणजे धाकानं हाताचं जे होतं, तेच या वादनाला घातक असतं.

चित्रीकरण अवघ्या १९ दिवसांत झालं. टॉम क्रॉस यांचं संकलन ड्रमच्या ठोक्यांबरोबर चालतं. संकलन, ध्वनिमिश्रण आणि सिमन्स यांचा सहाय्यक अभिनय यांसाठी चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले.

आपल्या छळाचं समर्थन करताना फ्लेचर जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा दाखला देतो: ड्रमवादक जो जोन्सनं डोक्यावर झांज फेकली, म्हणून पार्कर घडला. मूळ प्रसंग १९३६ मधला, कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबातला. किशोरवयीन पार्कर चुकला तेव्हा जोन्सनं झांज त्याच्या पायाशी टाकली होती. पार्करचा अपमान झाला, हे खरं. पण पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगराळ भागात त्यानं सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचं वादन ध्वनिमुद्रिकांवरून ऐकून ऐकून आत्मसात केलं. पार्कर घडला तो या रियाजानं. फ्लेचरच्या गोष्टीत नेमका हा रियाजच गाळलेला आहे.