'फक्त काढा' म्हणण्यापूर्वी

अम्मींचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात थर्मास येऊ लागले. खालांनी शहागंजच्या बाजारातून सुंठ आणि ज्येष्ठमध, म्हणजे आपली मुलेठी, आणून काढा केला. शेजारच्या भाभींनी बाबुनाच्या फुलांचा चहा पाठविला. राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी विचारले, "गोळ्यांशिवाय आणखी काही घेतात का?" आम्ही म्हणालो, "काही नाही, फक्त काढा."

अम्मींना रक्तदाबाचा जुना त्रास आहे. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, शरीरातले पोटॅशियम घटते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. काढा तिथेच थांबला.

मग आम्ही एकेक गोष्ट नीट विचारून घेतली. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आले-सुंठेचा कडक काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मन शांत व्हावे, झोप लागावी म्हणून हकीम गुले-बाबुना देत आले आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर सुकी फुले पाच मिनिटे झाकून ठेवावीत आणि गाळून कोमट द्यावे. मात्र बाबुना शेवंतीच्याच कुळातला. शेवंतीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्यांनीही टाळावा.

ऑपरेशन ठरलेले असेल, तर घेत असलेल्या जडीबुटी आधीच भूलतज्ज्ञांना सांगाव्यात. बहुतेक जडीबुटी साधारण २ आठवडे अगोदर बंद करायला सांगतात.

आणि कोणताही चहा वेदनेच्या गोळीची जागा घेत नाही. ताप आला, जखमेतून पू आला, दुखणे वाढत गेले, तर काढा उकळत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

खालांना वाईट वाटले होते. मग डॉक्टरांना विचारून त्या जवाची पातळ लापशी, तलबीना, आणू लागल्या. तलबीन्याने आजारी माणसाच्या मनाला दिलासा मिळतो, अशी हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. वाटी संपली तरी अम्मी खालांचा हात सोडत नसत. रात्रीची भीती त्यानेच कमी झाली, असे त्या आजही म्हणतात.

थर्मास जरूर पाठवावा. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: आत काय काय आहे याची.