मरळीसाठी घरची नकली माशी : गोंद चुकला की पिसं गेली

मंचेरियल : गोदावरीत मरळ मासा (तेलुगूत कोर्रमेनू, तेलंगणाचा राज्यमासा) धरायचा तर गांडूळ किंवा बेडूक, हे ठरलेलं. पिसं-दोरा बांधून केलेली नकली माशीही चालते. पण विकतची महाग, आणि झुडपात अडकून तुटतेच. घरी बांधली तर मुख्य खर्च गळाचाच.

गफलत होते ती गोंदात. साधा पांढरा फेविकॉल लाकडाला पक्का, पण पाण्यात भिजला की मऊ पडतो. दोरा सैल होतो आणि मासा पिसं घेऊन पसार. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानं झटपट धरतो, पण ठिसूळ असतो. पिसांत पसरला तर ती ताठ होतात, मग माशी हलतच नाही. म्हणून एकच थेंब, तोही दोरा गुंडाळण्याआधी गळाच्या दांडीवर. शेवटच्या गाठीला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात पुरे. पहिला वाळल्यावरच दुसरा.

पिसं चिकन सेंटरमधून आणून साबणानं धुवावीत. दोरा पॉलिएस्टरचा, सुती ओला राहून कुजतो. मरळ हवा घ्यायला वर येतो, म्हणून तरंगणारं आमिष हवं. मुलांच्या हस्तकलेची फोमशीट बेडकाच्या आकारात कापली की झालं. स्पंज नको, तो पाणी पितो.

पिलांच्या थव्याजवळ मात्र गळ टाकू नये. राखणीला असलेली जोडी लगेच झेप घेते, मग पिलं वाऱ्यावर.

बांधलेली माशी वाळल्यावर रात्रभर पेलाभर पाण्यात ठेवावी. सकाळी पिसं ओढून बघावीत. सुटली तर नदीवर नेऊच नये.