सामाईक संगणक आणि पडद्यावरील अक्षर

शाळेत संगणक एक व त्यावर बसणारे अनेक, अशी स्थिती असता पडद्याची मांडणी हा कुरबुरीचा विषय होतो. विंडोज प्रणालीत स्वतंत्र खाती उघडल्यास बरेच तंटे मिटतात. पार्श्वचित्र, रंग व अक्षराचा आकार ज्याच्या त्याच्या खात्यात राहतो. शंभर खाती नकोत. इयत्तेस एक व मंददृष्टीच्या मुलास निराळे, एवढे पुरे.

पडद्याचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, मात्र यास अपवाद आहे. एकाने ती बदलली की सर्वांस बदललेली दिसते. मंददृष्टीच्या मुलास अक्षर मोठे दिसावे म्हणून पुष्कळदा हीच संख्या उतरविण्यात येते. १९२० × १०८० ठिपक्यांच्या सपाट पडद्यावर १२८० × ७२० ची मांडणी केली, तर प्रत्येक ठिपका दीडपट ताणावा लागतो. अक्षर वाढते खरे, परंतु कडा पुसट होतात. जोडाक्षरांचा तर फारच घोटाळा होतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्याच डोळ्यांस अधिक ताण!

यास्तव संगणकाने सुचविलेलीच संख्या ठेवावी. त्या मुलाच्या खात्यात शिरून विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', 'टेक्स्ट साइज' या क्रमाने जावे व तेथील सरकपट्टी त्यास विचारीत विचारीत पुढे न्यावी. ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते. किती मोठे पुरे, हे त्यानेच सांगावयाचे. मग 'अप्लाय' दाबावे. काम आटोपताच त्याने 'साइन आउट' करावे; नाहीतर पुढचा मुलगा त्याच खात्यात बसून पट्टी मागे ओढतो.