गंडा बांधण्याआधी

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट न सांगता ठाऊक असते. उस्ताद शिष्याला लगेच गंडा बांधीत नाहीत. आधी त्याला मागे तंबोऱ्यावर बसवितात. तो ऐकतो कसा, एकच पलटा महिनाभर घोटताना कंटाळतो का, दुसऱ्याच्या साथीला आपला आवाज आवरतो का, हे पाहतात.

डॉक्टरांच्या एका शाखेतली वडीलधारी मंडळी आपल्या निवासी डॉक्टरांत हेच गुण शोधतात, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. ती शाखा म्हणजे पुनर्वसन वैद्यक. अर्धांगवायू, पाठीच्या कण्याची इजा, तोडावा लागलेला पाय. जीव वाचतो, पण जगणे अडते, तेथे या डॉक्टरांचे काम सुरू होते. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून हेच करीत आली आहे.

गंमत अशी की, अमेरिकेत निवासी डॉक्टर घेताना मुलाखती होतात, शिफारसपत्रे वाचली जातात. आपल्याकडे एम.डी.चा प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर. यादीतून जो येईल तो शिष्य! हवी ती शाखा हुकली म्हणून इकडे आलेलेही त्यात असतात. तरी ही पद्धत मोडावी, असे मी म्हणणार नाही. मुलाखतीच्या दाराने वशिला आत शिरला, तर बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटसारख्या गावच्या मुलाला कोण विचारणार? तेव्हा पारख व्हायची ती पुढच्या तीन वर्षांत, वॉर्डात.

त्याच धूलकोटचा एक ढोलकीवाला माझ्या ओळखीचा. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला. तपासणारा निवासी डॉक्टर पोरसवदा होता. त्याने हात उचलायला सांगितले, मुठीचा जोर पाहिला, कागदावर टिपून घेतले. मग खुर्ची पुढे ओढून विचारले, "बाबा, ढोलकीवर या हाताचं काम काय असतं?" आमचा गडी आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता; तो अर्धा तास बोलला. डॉक्टरने मध्ये तोंड घातले नाही. बोटांचे व्यायाम मग बोलांच्या हिशेबाने ठरले. हात पूर्वीसारखा झाला नाही, ठेका मात्र धरता येऊ लागला. मी त्या विभागाचा प्रमुख असतो, तर त्या पोराचे गुणपत्रक मागितले नसते.

दुसरा गुण याहून अवघड, कारण तो डॉक्टरी अहंकाराच्या आड येतो. जयपूरचा पाय १९६८ च्या सुमारास घडला तो शल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांच्या हातून. परदेशी घाटाच्या पायाला बूट लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. कपाशीच्या वावरात अनवाणी चिखल तुडविणाऱ्याला तो काय कामाचा? हे ओळखायला कारागिराचे ऐकणारा डॉक्टर लागला. या शाखेत व्यायामोपचार, व्यवसायोपचार, कृत्रिम अवयव, समाजसेवा अशी सगळी माणसे एका रुग्णाभोवती बसतात. तेथे एकट्याने तान मारणाऱ्याचे काम नाही. व्यवसायोपचाराची शाळा मुंबईत १९५० साली काढली ती कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, आणि डॉक्टर तर नव्हेतच. फलटणची एक शाळा आज त्यांचे नाव मिरविते.

राहिली चिकाटी. इथे महिन्याला रेसभर फरक पडतो. कण्याची इजा झालेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि हे काम घरच्यांना शिकवावेही लागते, न वैतागता. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार-अपघात झाला, कमरेखालचे अंग गेले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसन वैद्यक शिकून आल्या आणि वेल्लोरला त्याचा विभाग चालविला. त्यांच्या विभागात शिकायला आलेल्या डॉक्टरला फेरीच्या वेळी आपल्या गुरूशी बोलण्यासाठीही खाली वाकावे लागत असणार.