सवंगड्यांची टोळी

बालपणीची मैत्री ही आपण नेहमी मंगल गोष्ट मानतो. तीत स्वार्थ नसतो, हिशेब नसतो. परंतु हीच निरपेक्ष मैत्री कधी कधी गुन्हेगारीचे भांडवल होते. असे का घडते, हे समजण्यास न्यूयॉर्क शहरातील एका मित्रमंडळाचा इतिहास उपयोगी पडेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहराचा लोअर ईस्ट साइड हा भाग युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांनी गजबजलेला होता. खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट. आईबाप दिवसभर कारखान्यांत राबणारे. साहजिकच मुलांचे खरे घर म्हणजे रस्ता. या वस्तीतच, सिसिलीहून आलेला साल्वातोरे लुकानिया, म्हणजे पुढचा लकी लुचियानो, आणि १९११ साली ग्रोद्नोहून आलेला मेयर लान्स्की हा ज्यू मुलगा यांची गाठ पडली. लुचियानो ज्यू मुलांकडून संरक्षणाच्या नावाखाली पैसे उकळी. किरकोळ बांध्याच्या लान्स्कीने ते साफ नाकारले आणि त्या बाणेदारपणातूनच दोस्ती जडली, असे सांगतात. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला बेंजामिन सीगल हाही कोवळ्या वयातच लान्स्कीचा जिवलग झाला.

येथवर ही कथा कोणत्याही दरिद्री वस्तीतील वांड पोरांची आहे. फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास १९२७ साली प्रसिद्ध केला. टोळी ही मुळात खेळगड्यांच्या घोळक्यातून आपोआप उगवते आणि बाहेरच्यांशी झगडताना एकजीव होते, असे त्याला आढळले. सवंगड्यांचा घोळका हा काही अपराध नव्हे. प्रश्न असतो तो त्या घोळक्याला पुढे कोणते काम मिळते हा.

या तिघांना ते काम कायद्यानेच नकळत मिळवून दिले. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. तेव्हा लुचियानो बावीस वर्षांचा, लान्स्की सतरा वर्षांचा आणि सीगल अवघा तेरा वर्षांचा होता. मागणी कायम राहिली आणि कायदेशीर पुरवठा मात्र थांबला. चोरट्या व्यापाराला याहून अनुकूल काळ कोणता? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईनेही हातभट्टीच्या रूपाने याचा अनुभव घेतला. अशा व्यापारात करारपत्र नसते. फसवणूक झाली तर कोर्टात जाता येत नाही. तेथे भरवसा हीच एकमेव हमी, आणि लहानपणी पारखलेल्या मित्राइतका भरवशाचा भागीदार दुसरा कोण मिळणार? १९३१ साली मासेरिया आणि मारान्झानो हे दोन जुने नायक मारले गेले व लुचियानो प्रमुख झाला. जुन्यांना जातभाईंपलीकडे विश्वास ठेवणे जड जाई. रस्त्यावर वाढलेल्या या मित्रांना मात्र इटालियन आणि ज्यू हा भेद आड येत नव्हता.

डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण टोळी मोडली नाही. तिने जुगाराकडे मोर्चा वळवला. आणि येथेच मैत्रीची खरी किंमत कळली. सीगलने लास व्हेगास येथे फ्लेमिंगो नावाचे हॉटेल उभारताना खर्च हाताबाहेर जाऊ दिला. त्यात टोळीच्या लोकांचा पैसा गुंतला होता. २० जून १९४७ रोजी तो गोळ्यांना बळी पडला. खुनी कोण, हे कधीच सिद्ध झाले नाही. लुचियानोला १९३६ साली दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. १९४६ साली त्याला इटलीस पाठवण्यात आले व १९६२ साली नेपल्सच्या विमानतळावर तो मरण पावला. लान्स्की तेवढा १९८३ पर्यंत जगला.

मग उपाय कोणता? क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांना शिकागोत असे दिसले की, काही वस्त्यांत राहणारे लोक बदलले, पण बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. म्हणजे दोष रक्ताचा वा वंशाचा नसून परिस्थितीचा होता. म्हणून शॉने १९३० नंतरच्या दशकात वस्तीतील रहिवाशांनाच हाताशी धरून मुलांसाठी खेळ, शिबिरे आणि मार्गदर्शन यांची योजना सुरू केली. मुलांची मैत्री तोडणे हा तिचा हेतू नव्हता. त्या मैत्रीला दुसरे काम देणे हा होता. आपल्या गल्लीतील घोळक्याकडे संशयाने पाहण्यापूर्वी, त्याला खेळायला मैदान आणि शिकायला एखादा धंदा आपण दिला आहे काय, एवढे तरी आपण स्वतःला विचारावे.